पारवा आणि डावा गाल

ताप गेला, खोकला गेला, नाक मोकळं झालं, आणि अकराव्या दिवशी माझं तोंड गेलं.

तोंड गेलं म्हणजे अर्धं गेलं. डावं. सकाळी दात घासून चूळ भरली आणि थुंकायच्या आधीच ती डाव्या कोपऱ्यातून गाऊनवर ओघळली. झोप उतरली नसेल म्हणून दुसरी भरली, तीही त्याच वाटेनं गेली. आरशात पाहिलं. उजवी बाजू माझीच होती, पन्नाशीला टेकलेल्या गणिताच्या बाईची, कपाळाला आठी घातलेली. डावी बाजू मात्र कुणीतरी इस्त्री फिरवल्यासारखी गुळगुळीत. आठी नाही, सुरकुती नाही. खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी ती बाजू मला आवडली. मग डोळा मिटायला गेले आणि तो मिटेचना.

माझा नवरा अंबडच्या कोर्टाच्या आवारात टायपिंगचं टेबल लावून बसतो. दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतो, त्यामुळे घरीही तो 'सदर भाजी' आणि 'उपरोक्त चहा' असं बोलतो. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. बावीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच त्याला वाकुल्या दाखवत्येय असं त्याला वाटलं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं उलट मलाच वाकुली दाखवली.

"अहो, बघा ना," मी म्हटलं. 'बघा'मधला ब फुग्यातली हवा सुटावी तसा फस्स करून बाजूनं निघून गेला.

त्याची वाकुली चेहऱ्यावर तशीच राहिली, फक्त डोळे बदलले. त्याच्या आईचं तोंड असंच एका सकाळी वाकडं झालं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीची गोष्ट, पण घरात तिच्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्यानं शेजाऱ्यांची गाडी मागून आणली आणि आम्ही जालन्याला निघालो.

रस्ताभर तो दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "दोन्ही हात वर कर." मी करायची. "बराबर वर गेले का?" "गेले." "तुझं नाव सांग." मी सांगायची. "आता पाय." गाडीत बसून पाय किती वर जाणार? तरी मी ते उचलून दाखवले. तिसऱ्यांदा हात वर केले तेव्हा शेजारून चाललेल्या जीपमधल्या एका फेटेवाल्या बाबांनी मला ओळखीचं समजून हात हलवला. मला हसू आलं, पण ते अर्ध्यातच अडकलं. आरशात दिसलं नसतं तर मला कळलंही नसतं.

जालन्याच्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टर होत्या. तरुण, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी मला हात पकडायला लावले, पाय ढकलायला लावले, जीभ काढायला लावली. मग म्हणाल्या, "भुवया वर करा."

उजवी वर गेली. डावी जागची हलली नाही. कपाळाची डावी बाजू कोरी पाटी.

"छान," त्या म्हणाल्या.

"छान काय छान?" नवरा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

"कपाळसुद्धा हललं नाही, हे छान. मेंदूत झटका असता तर बहुतेक कपाळ वाचलं असतं आणि खालचं तोंड वाकडं झालं असतं. हातापायात जोर आहे, बोलण्यात गोंधळ नाही. हा मेंदूचा झटका नाही, चेहऱ्याची नस सुजलीय." मग माझ्याकडे वळून विचारलं, "पंधरा दिवसांत काही आजार झाला होता का?"

मी तो ताप सांगितला. शाळेत तेव्हा सगळा वर्ग खोकत होता. आठवीत मी एक समीकरण फळ्यावर सोडवायचे आणि मागे चाळीस मुली तालात खोकायच्या. मलाही धरलं. चार दिवस ताप, अंग मोडून आलं, मग बरं. नंतर दोन दिवस डाव्या कानामागे ठणकत होतं आणि वरणाला पत्र्याची चव येत होती. त्याचा दोष मी वरणाला आणि वरण करणाऱ्या नवऱ्याला दिला होता.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. सर्दीतापाचा विषाणू जातो, पण कधीकधी जाता जाता नसांना डिवचून जातो. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोळातून येते. ती सुजली की बोळात अडकते, आणि पुढच्या निम्म्या चेहऱ्याचा पुरवठा बंद. त्यांनी गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना डोळा पट्टीनं मिटून ठेवायला सांगितला, चेहऱ्याचे व्यायाम दिले. बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतं, म्हणाल्या. "घाबरू नका. आणि आरशाशी भांडू नका."

परतताना नवऱ्यानं एकदाही हात वर करायला सांगितले नाहीत. गाडी थांबवून त्यानं मोसंबीचा ज्यूस घेतला. मी स्ट्रॉ उजव्या कोपऱ्यात धरून प्यायला लागले. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "माझा डोळा मिटत नाही म्हणून वाहतोय. तुमचा कशाला?"

"उपरोक्त कारणाने," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं एक चूक केली. त्यानं बहिणीला फोन केला.

माझी नणंद त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. तो तिला अक्का म्हणतो म्हणून मीही अक्काच म्हणते. ती तिकडे भोकरदन तालुक्यात धावड्याला राहते, शेती आणि एक मुलगी सांभाळते. नवऱ्यानं तिला सगळं नीट सांगितलं, नस, बोळ, सूज, गोळ्या. पण पहिलं वाक्य तो 'तिचं तोंड वाकडं झालंय' असं बोलून बसला होता. अक्कानं त्याच्यापुढचं काही ऐकलंच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती दारात हजर. धावडा ते भोकरदन, भोकरदन ते जालना, जालना ते अंबड, तीन एसट्या बदलून. डोक्यावर पदर, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात वेताची टोपली, तिच्यावर फडकं बांधलेलं. मला बघून तिनं टोपली खाली ठेवली आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. अंगठ्यानं डावा गाल दाबून पाहिला. मग म्हणाली, "आईचं आसंच झाल्तं. तवा आम्ही जालन्याला नेऊ का संभाजीनगरला नेऊ, हेच करत बसलो. ह्या बारीला मी बसणार न्हाई."

"अक्का, हे वेगळं आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आसू दे वेगळं. डाक्टरच्या गोळ्या बी खा. न्हाई कोण म्हणून राह्यलंय? पर हे बी करू."

'हे' म्हणजे काय, ते टोपलीनंच सांगितलं. फडक्याखालून आवाज आला, गुटर्र.

तिच्या गावाकडे कुणाला लकवा झाला की पारवा आणतात. विहिरीच्या कपारीत राहणारं रानटी कबुतर. त्याचं ताजं, गरम रक्त वाकड्या बाजूला चोळतात आणि उरलेल्या पारव्याचा रस्सा करतात. अक्कानं हा पारवा तिच्या वावरातल्या विहिरीतून खास धरून आणवला होता. भोकरदनच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, टोपलीत काय? ही म्हणाली, ज्वारीच्या लाह्या. त्याच क्षणी पारवा बोलला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लाह्या बोलून राह्यल्या का?" हे सगळं तिनं हसत हसत सांगितलं आणि मग तितक्याच सहजपणे म्हणाली, "मंग उद्या सकाळी करू. कापायला मी शेजारच्याला बोलावते."

मी फडकं थोडं बाजूला केलं. करड्या मानेवर हिरवी-जांभळी चमक आणि एक गोल केशरी डोळा. तो डोळा सुखानं उघडझाप करत होता, आणि मला त्याचा हेवा वाटला.

मी मांसाहारी आहे, उगाच साधूपणाचा आव आणत नाही. पण ह्या प्राण्याचा माझ्या कानामागच्या बोळाशी काही संबंध नव्हता. अक्काला नाही म्हणायची मात्र हिंमत नव्हती. ती हट्टानं नव्हे, भीतीनं आली होती, आणि भीतीनं आलेल्या माणसाला शास्त्र समजावून सांगता येत नाही. म्हणून मी गणितातल्या माणसानं करावं तसं केलं. मुदत मागितली.

"आठ दिवस द्या," मी म्हटलं. "आठ दिवस मी व्यायाम करते, गोळ्या खाते. गाल हलला तर पारवा सोडायचा. नाही हलला तर तुमचं औषध, मी तोंडातून शब्द काढणार नाही."

अक्कानं विचार केला. "भाऊ, हिच्याकून लिहून घे."

नवऱ्याला एवढंच पाहिजे होतं. संध्याकाळी तो चक्क करारनामा टाइप करून घेऊन आला. लिहून घेणार अक्का, लिहून देणार मी, आणि 'सदर पारवा, वय अज्ञात, धंदा उडणे, राहणार विहीर'. सदर मुदतीत सदर पारव्याच्या खाण्यापिण्याची जबाबदारी लिहून घेणाऱ्यांची राहील. वरील मजकूर वाचून, समजून, राजीखुशीने सही केली असे. अक्कानं चष्मा लावून शब्द न शब्द वाचला आणि सही केली. मीही केली. पारव्याचा अंगठा घ्यावा की नाही यावर थोडी चर्चा झाली.

दुसऱ्या दिवसापासून मी विद्यार्थिनी झाले. सकाळ, दुपार, संध्याकाळ आरशासमोर खुर्ची. शेजारी अक्का, तिच्या पायाशी टोपली. डॉक्टरांनी दिलेला कागद तिनं हातात धरलेला. पंचवीस वर्षं मी मुलींना 'पुन्हा कर' म्हणत आले, त्या सगळ्यांचा सूड त्या आठ दिवसांत निघाला.

"भुवया वर. न्हाई, उजवीच गेली. पुन्हा."

"नाक आकस. पुन्हा."

"गाल फुगव." मी फुगवायची आणि हवा डावीकडून पळून जायची. "आगं, धर तिला! पुन्हा."

"ईऽऽ म्हण. आता ऊऽऽ. आता शिट्टी."

सुनेनं घरात शिट्टी वाजवली तर एरवी अक्कानं माझी शोभा केली असती. आता ती स्वतः ओठांचा चंबू करून मला दाखवायची. एका दुपारी शेजारीण पीठ मागायला आली तर आत दोघी पोक्त बायका आरशाकडे बघून शिट्ट्या मारत होत्या आणि टोपलीतून कबुतर साथ देत होतं. ती पीठ न घेताच गेली.

प्रत्येक 'पुन्हा'च्या मध्ये अक्का टोपलीत ज्वारीचे चार दाणे टाकायची. पहिल्या दिवशी लांबून टाकले. तिसऱ्या दिवशी हातावरून दिले. पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून ऐकलं, ती त्याला सांगत होती, "खा रं बाबा, खा. हिचं काय खरं न्हाई." नक्की कुणाचं खरं नाही, हे मी विचारलं नाही.

आठवा दिवस उजाडला. मी पहाटे एकटीच आरशासमोर जाऊन पाहिलं. काही नाही. गाल पाटीसारखा. डॉक्टरांनी आठवडे सांगितले होते, मीच हिशोब चुकवून आठ दिवस मागून बसले होते. अक्का आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून येऊन बसली. नवरा कोर्टाला न जाता थांबला. टोपली मधोमध ठेवली.

आता सांगते ते मी आजवर एकाही विद्यार्थिनीला सांगितलेलं नाही. मी आयुष्यभर कॉपी पकडली. बाहीतल्या चिठ्ठ्या, पायावर लिहिलेली सूत्रं, पट्टीवर कोरलेले पाढे, सगळं पकडलं. आणि त्या सकाळी वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी मी कॉपी केली. तोंड मिटून जीभ डाव्या गालाच्या आत टेकवली आणि हळूच, अगदी हळूच पुढे ढकलली.

डावा गाल हलला.

अक्का पुढे झुकली. चष्मा पुसला, परत लावला. "पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. ह्या वेळी थोडं वरच्या बाजूला, विविधता म्हणून.

ती माझ्याकडे बघत राहिली. परीक्षा खोलीत पर्यवेक्षक आपल्याच बाकापाशी थांबला की कसं होतं, ते मला पहिल्यांदा कळलं. मग तिनं मागे टेकून श्वास सोडला.

"हललं," ती म्हणाली. "भाऊ, खोल."

नवऱ्यानं फडकं सोडलं. पारवा उडाला, पण बाहेर नाही. आधी पडद्याच्या दांडीवर बसला, मग बंद पंख्यावर, मग देवाच्या फोटोवर, आणि अक्कानं खिडकीत ज्वारी ठेवली तेव्हा कुठे बाहेर गेला. नवरा म्हणाला, "प्रकरण निकाली."

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला स्टँडवर गेले. जालन्याची गाडी लागली होती. रिकामी टोपली काखेत घेऊन ती पायरीवर चढली आणि वळून हळू आवाजात म्हणाली, "जीभ लावल्ती ना?"

माझा उजवा गाल लाल झाला असणार. डाव्याचं माहीत नाही.

"मला कळत न्हाई व्हय? पन्नास वर्षं लेकरं पाह्यली, गालात गूळ लपवून ठेवणारी." मग माझ्या हातावर हात ठेवला. "मी बी आठ दिस टोपलीपाशी बसून हेच म्हणून राह्यले होते, ही बाई कायतरी लबाडी करंल तर बरं व्हईल. दाणे घालू घालू माझाच हात उठंना. पर मीच आणल्ता, मीच कसा सोडू?" गाडी सुरू झाली. खिडकीतून तिनं ओरडून सांगितलं, "आन् आता खरोखरचं हलव!"

रजा संपल्यावर मी मास्क लावून शाळेत गेले. मास्क लोक विसरले होते, पण कुणी विचारलं तर मी खोकून दाखवायची. खरी अडचण बोलण्याची होती. ओठ जुळल्याशिवाय प, फ, ब, भ, म निघत नाहीत, आणि माझे ओठ उजवीकडेच जुळत होते. पंचवीस म्हटलं की फुसफुस ऐकू यायची. भागाकार, परिमिती, बाजू, बिंदू, सगळ्यांची तीच गत. मग मी ओठांचे शब्दच टाळायला लागले. त्या महिन्यात आठवीच्या वर्गात पाच हा आकडाच नव्हता. बारा नव्हते, बावीस नव्हते, पन्नास नव्हते. मी घरून उदाहरणं अशी रचून न्यायची की उत्तरं चार, सात, नऊ, चौदा अशीच यावीत. परिमितीला मी 'कडेकडेनं चालत गेल्यास एकूण अंतर' म्हणायची. मुलींना ते इतकं पटलं की वार्षिक परीक्षेत निम्म्या वर्गानं तसंच लिहिलं, आणि मला गुण द्यावे लागले.

एक मुलगी मात्र पहिल्या बाकावरून टक लावून बघायची. एके दिवशी म्हणाली, "बाई, पाच कुठं गेला?"

मी म्हटलं, "रजेवर आहे."

वर्ग हसला. पंचवीस वर्षांत माझ्या तासाला वर्ग पहिल्यांदा हसला असेल. मास्कच्या आत मीही हसले, अर्धी.

अक्का रोज सकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करायची. धावड्याला तिच्या ओट्यावर भाचीनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला असायचा, आणि मला बहुतेक वेळा तिची हनुवटी आणि छताचा पत्रा दिसायचा. हनुवटी म्हणायची, "भुवया वर." मी करायची. सहावा आठवडा असेल. मी 'ईऽऽ' केलं आणि तिकडून हनुवटी एकदम खाली आली, पूर्ण चेहरा दिसला.

"थांब! हललं!"

"काय?"

"ओठाचा कोपरा. जीभ काढ बाहेर."

"अक्का..."

"बाहेर काढ आन् धरून ठिव. मंग ई कर."

मी जीभ बाहेर काढली, दोन बोटांनी धरली आणि ई केलं. तसं ई म्हणणं जगात कुणाला जमलं नसेल, पण डाव्या कोपऱ्यानं मुंगीएवढी हालचाल केली. मलाही दिसली. अक्का फोन तिथंच टाकून घरात ओरडत गेली. मला पुढची दहा मिनिटं पत्रा दिसत होता आणि मी त्या पत्र्याकडे बघून रडत होते. डाव्या डोळ्यातून जास्त.

पुढच्या दोन महिन्यांत चेहरा घरी परत आला. आधी ओठ, मग गाल, शेवटी कपाळावरची आठी. आठी आली तेव्हा शाळेत लगेच शिस्त परतली. मी मास्क काढला, पाचाला रजेवरून बोलावलं आणि सगळं संपलं असं समजले.

पण एक दिवस शिक्षकांच्या खोलीत आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, निकालपत्रकं झाली का?" मी म्हटलं, "परवाच पूर्ण केली, सर." ते दचकले. चहाचा कप खाली ठेवून बाहेर निघून गेले. घरी येऊन आरशासमोर तेच वाक्य म्हणून पाहिलं. 'परवा'च्या प बरोबर माझा डावा डोळा टचकन मिटला. 'पूर्ण'च्या प बरोबर परत मिटला. हसून पाहिलं, तेव्हाही मिटला. सगळी शाळा ज्यांना सर म्हणते त्यांना मी सहज सहज दोन वेळा डोळा मारला होता.

जालन्याच्या डॉक्टर ऐकून हसल्या, मग माफी मागून पुन्हा हसल्या. नस परत वाढताना काही धागे चुकीच्या घरी जातात, म्हणाल्या. ओठाकडे निघालेला धागा डोळ्याला जाऊन लागतो. ओठाला हुकूम दिला की डोळाही ऐकतो. व्यायामानं बरंच कमी होईल, थोडं राहीलही. मी मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र नेऊन दिलं. त्यांनी ते वाचून फाईलला लावलं, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलताना ते खिडकीकडे बघतात.

त्याच उन्हाळ्यात अक्काच्या मुलीला बघायला परतूरची मंडळी येणार होती. मामी शिकलेली, म्हणून बोलायला मला बसवलं. मुलगा बँकेत कामाला, सोबत आई, आणि वडील निवृत्त तलाठी. सात-बारा वाचावा तसं ते माणसाचं तोंड वाचत होते.

"मुलीला घरकाम येतं का?" त्यांनी विचारलं.

"मुलगी स्वयंपाकात पटाईत आहे," मी म्हटलं. त्या वाक्यात ओठांचे तीन शब्दांश होते. डोळा तीनदा मिटला.

तलाठी सावरून बसले. "स्वभावानं?"

"फार मवाळ," मी म्हटलं. दोनदा.

त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं मुलाकडे. मी सावरायला गेले, "म्हणजे मोठ्यांपुढे ब्र काढत नाही," आणि एवढ्या वेळा डोळा मारला की अक्कानं पदरात तोंड लपवलं. पोह्यांची बशी धरून उभी असलेली भाची आधी थरथरायला लागली, मग तिनं बशी खाली ठेवली आणि खो खो हसत सुटली.

"मामीला ताप आल्ता, तवापासून तिच्या डोळ्याची नस चुकलीय," ती म्हणाली. "तिच्या मनात काही न्हाई. पर खरं सांगू का? ह्या बारीला डोळाच बराबर बोलून राह्यला. मला भाकरी गोल येत न्हाई, आन् मी मवाळ तर बिलकुल न्हाई."

अक्काचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात मुलगा हसला. मग त्याची आई म्हणाली, "आमच्याकडं भाकरी हेच करतात," आणि तलाठ्यांकडे बोट दाखवलं. तलाठ्यांनी पोह्यांची बशी उचलून घेतली. आठ दिवसांनी होकार आला.

लग्न दिवाळीनंतर धावड्यालाच झालं. फोटोग्राफरनं मला आणि अक्काला नवरीच्या दोन बाजूंना उभं केलं. "मामी, हसा." मी हसले. "डोळा मिटला, परत." परत हसले. "परत मिटला." चार-पाच वेळा झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, हसू पाहिजे का डोळा पाहिजे? दोन्ही एकदम मिळणार नाहीत."

त्यानं कॅमेरा खाली घेऊन जरा विचार केला. "हसू राहू द्या. डोळ्याचं मी कम्प्युटरवर पाहतो."

अल्बम आला. त्यानं शब्द पाळला होता. फोटोत मी दिलखुलास हसत्येय आणि माझा डावा डोळा टक्क उघडा आहे. तो माझा नाही. रंग थोडा फिका आहे आणि तो कॅमेऱ्याकडे न बघता जेवणाच्या पंगतीकडे बघतोय. नवरा म्हणतो, सदर डोळा वराच्या मावशीचा असावा. अक्का शपथेवर सांगते की तो तिचा स्वतःचाच आहे, आणि मामीला आपल्या घरचा डोळा लागला हे एका परीनं चांगलंच झालं.